छाती धुतलेल्या घोडीला धुरी

आमच्या घोडीच्या छातीत डॉक्टरांनी पाणी सोडलं होतं, आणि त्यावर मी तिला ओव्याची धुरी दिली. एवढीच गोष्ट आहे. पण एवढीच सांगितली तर तुम्ही म्हणाल, ही बाई येडी आहे. म्हणून जरा आधीपासून सांगते.

आमचं घर पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यापासून थोडं आत. पूर्वी आमच्याकडं मेंढरं होती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली गोदावरीच्या अंगाला उतरायचं. पाल, भांडी, कोंबड्या आणि वर एखादं लेकरू, असा सगळा संसार घोडीच्या पाठीवर. पुढं आमच्या चराईच्या रानात प्लॉट पडले. दगडांना चुना लावून नंबर टाकले. मेंढरांना काही नंबर वाचता येत नाहीत. ती आपली जायची चरायला, आणि मागं वॉचमन काठी घेऊन. असं दोन-तीन वर्षं चाललं, मग मेंढरं विकली. घोडी तेवढी राहिली.

तिला विकायचं कुणी बोललंच नाही. मी बोलू दिलं नाही म्हणा. मग आमच्या ह्यांनी तिला वरातीला लावलं. लाल मखमलीची झूल आणली, कपाळावर आरशाचा पट्टा, पायात घुंगरं. ज्या घोडीनं माझा तवा आणि परात वाहिली, तिच्यावर आता शेंद्र्याच्या कारखान्यातले नवरदेव बसायला लागले. घोडीला काही फरक नव्हता. नवरदेव परातीपेक्षा जड, एवढंच. शिवाय परात गप्प बसायची.

तेव्हा लागोपाठ दोन सालं पाऊस रुसला होता. टँकर दिवसाआड यायचा, तोही त्याच्या मनाला आलं तर. कडबा मिळायचा तो काळा पडलेला, आत बुरशी. पेंढी झटकली की खाट झटकल्यासारखी धूळ उडायची. त्यात आमच्या शेजारी सात मजली इमारत उठत होती. प्यायला पाणी नव्हतं आणि इमारतीवर पाइपानं पाणी मारायचे, ते कसं काय ते मला आजवर उमगलं नाही. सिमेंट, वाळू, दगड कापायची मशीन, सगळी पूड वाऱ्यानं आमच्या दारात. माणसं नाकाला पदर लावतात, टॉवेल लावतात. घोडीनं काय लावावं?

ती खोकायला लागली. आधी सकाळी एकदा-दोनदा. मग एका वरातीत तिनं कहरच केला. बँडवाले एक गाणं संपवून दुसरं धरायच्या आधी थांबायचे ना, नेमकी त्याच वेळेला ही खोकायची, आणि वर बसलेला नवरदेव दर खोकल्याला एकेक वीत उडायचा. नवरीकडच्या पोरी गॅलरीतून ओरडल्या, "अहो, दमा घोडीला हाय का नवरदेवाला? आधीच सांगा!" नवरदेवाचा बाप आमच्या ह्यांच्या अंगावर आला. हे खाली मान घालून घोडी घेऊन आले आणि ओट्यावर बसून राहिले.

म्हणाले, "दुष्काळात बसून खाणारं जनावर परवडायचं नाय आपल्याला."

मी म्हटलं, "बसून कुठं, उभी राहून खाती ती."

हसले नाहीत. तेव्हा मला भीती वाटली.

वैजापूरला ह्यांचा मामेभाऊ होता. त्याच्या विहिरीला थोडं पाणी टिकून होतं आणि त्याला मार्केटात कांद्याच्या गोण्या ओढायला गाडीचं जनावर हवंच होतं. ह्यांनी ठरवलं, डॉक्टरला एकदा दाखवू. छाती बरी होण्यातली असंल तर ठेवू. कामातून गेली असंल तर रविवारी मामेभाऊ टेम्पो घेऊन येईल. आता तुम्हीच सांगा, खोकणाऱ्या घोडीला कांद्याच्या गाडीला जुंपली तर ती किती दिवस निघेल? पण हे एकदा बोलले की बोलले.

सोमवारी डॉक्टर आले. जनावरांच्या दवाखान्यात नवीनच बदलून आलेले, चष्मा लावलेले, बोलायला अगदी गोड. मला पहिल्या वाक्यापासून मावशी म्हणाले. घोडीच्या बरगडीला कान लावून ऐकलं, ते नळीचं यंत्र लावून ऐकलं, आणि म्हणाले, "श्वासाच्या नळ्यांना सूज आहे, मावशी. धुळीनं आणि बुरशीनं येते. पण नक्की कोणत्या जातीची सूज आहे ते बघायला आतला नमुना काढावा लागेल."

"आतला म्हंजे?"

"फुफ्फुस जरासं धुवायचं आणि ते धुवण तपासायला पाठवायचं."

मला वाटलं चेष्टा करतात. पण त्यांनी खरंच पिशवीतून माझ्या लुगड्याएवढी लांब नळी काढली. घोडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांत तिची मान खाली आली, खालचा ओठ लोंबायला लागला, पंगतीत पहिल्यांदाच भांग पाजलेल्या व्याह्यासारखी दिसायला लागली. मी डोकं धरलं. नाकातून नळी आत, आत, आणखी आत. ती थोडी खोकली, मग नळी कुठंतरी जाऊन टेकली. मग डॉक्टरांनी मोठ्या पिचकाऱ्यांनी पाणी सोडलं. एक, दोन, तीन. मी मोजत होते. चांगलं स्वच्छ, काचेसारखं औषधाचं पाणी. आमच्या टाकीत त्या दिवशी तळाचा गाळ होता आणि हे चांगलं पाणी घोडीच्या छातीत चाललं होतं. मग त्यांनी ते उलट ओढून घेतलं. बाटलीत गढूळ पाणी आणि वर पांढरा फेस, ताक घुसळल्यासारखा.

"फेस आला म्हणजे नमुना छान आला," डॉक्टर खूश.

मी बाटलीकडं बघत होते. "एवढंच? सोडलं तर लई होतं. बाकीचं कुठाय?"

"ते आतच राहतं. जिरून जातं हळूहळू. काळजी नका करू."

आणि जाता जाता म्हणाले, "दोन-तीन दिवस काम नाही. धूळ नको, धूर नको, चारा भिजवूनच द्या."

हे "व्हय व्हय" म्हणाले. मीही "व्हय" म्हटलं. पण माझ्या डोक्यात एकच बसलं होतं. अर्धं पाणी आतच आहे. गार पाणी. छातीत.

आमच्याकडं पावसात भिजून मेंढरू गारठलं, त्याची छाती वाजायला लागली, की माझी आई शेणीच्या निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी द्यायची. बाळंतिणीलाही तीच, शेक झाला की खाटेखाली ओव्याची धुरी, कानाला फडकं. आतली गारठ बाहेर निघाली पाहिजे. हे काही कुणी शिकवत नाही, हातातच असतं. मग जिच्या छातीत माणसानं हातानं गार पाणी ओतलंय, तिला तसंच उघडं ठेवायचं का? डॉक्टर शिकलेले, पण पुरुष माणूस. बाळंतिणीच्या खोलीत कधी गेलेत का ते?

हे टँकरच्या रांगेत होते. मी तिन्हीसांजेला घोडीच्या पाठीवर गोधडी टाकली, कानांवरून माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारली, घमेल्यात निखारे घेतले, आणि मूठभर ओवा टाकला. घोडी बिचारी डोळे मिटून उभी. गूळ आणि बाजरीच्या पिठाचा गोळाही चारला. आता शेंगा नव्हत्या, डिंक नव्हता, दुष्काळातलं बाळंतपण ते.

शेजारच्या घरातून माझी मोठी जाऊ आली. कुडावरून बघितलं आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "काय गं बाई, काय झालं? मुलगा का मुलगी?"

"जावा तुम्ही, आक्का. छातीत पाणी गेलंय तिच्या."

"बारशाला बोलीव."

दुसऱ्या दिवशी घोडी जास्तच खोकायला लागली. अंग कोमट लागत होतं. मला वाटलं, गारठ बाहेर पडतेय. म्हणून हे बाहेर गेल्यावर त्या दिवशीही धुरी दिली. ओवा जरा जास्त टाकला.

बुधवारी डॉक्टर परत दारात. तोंड उतरलेलं. सोमवारी नमुना घेऊन गेले, तर रस्त्याचं खोदकाम. ट्रक आडवा, पुढं जेसीबी, मागं शाळेच्या रिक्षा. दोन तास तिथंच. उन्हात बर्फाचं पाणी झालं आणि नमुना नासला. तपासणाऱ्यांनी परत पाठवला. म्हणून पुन्हा एकदा काढायचा होता.

घोडीजवळ गेले आणि थांबले. नाक वर करून म्हणाले, "मावशी, हा वास कसला येतोय?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "ओव्याचा. भजी करत व्हते."

"वा! ओव्याच्या पानांची?"

आता पानं कुठून आणू? झाडाला एक पान नव्हतं गावात. म्हटलं, "बेसनात ओवा. कांद्याची."

"घोडीचं झालं की खाऊनच जातो."

मग काय, खोटं बोललं तर तळावं लागलं. घरात तेल बेताचंच होतं, ते कढईत ओतलं. डॉक्टर घोडीची छाती दुसऱ्यांदा धूत होते आणि मी चुलीपाशी भजी सोडत होते. आठ खाल्ली त्यांनी. वर म्हणाले, "मावशी, ओवा जरा कमी पडलाय." मी पुढचा घाणा सोडला. ओवा सगळा घोडीच्या नाकात गेला होता.

शुक्रवारी ह्यांना दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. हे ऐकत होते, मान हलवत होते. मग मला म्हणाले, "लई सूज हाय म्हणत्यात. पहिलं वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट. आत सगळं पांढऱ्या पेशींनी भरलंय." आणि तिथंच उभ्या उभ्या वैजापूरला फोन लावला. "रविवारी ये. टेम्पो आण."

त्या दिवशी मला भाकरी थापता येईना. पीठ हातात फुटायला लागलं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी केलं. चांगल्या छातीत मीच धूर घातला. जिनं माझा संसार वाहिला, तिला मी माझ्या हातानं वैजापूरच्या गाडीला नेऊन बांधली.

शनिवारी सकाळी रिक्षात बसून दवाखाना गाठला. बाकावर एक म्हातारा मांडीवर बोकड घेऊन बसलेला, त्याच्या पलीकडं एक बाई, तिच्या कडेला कुत्रं. मला थांबवेना. दारातूनच म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ती भजी नव्हती."

डॉक्टर कुत्र्यासाठी इंजेक्शन भरत होते. "काय?"

"तो वास. मी घोडीला धुरी दिली व्हती. दोन दिवस."

बोकडवाला म्हातारा म्हणाला, "ओव्याची का?"

"ओव्याचीच."

"चांगली असती," म्हातारा म्हणाला. मला तेवढ्यातही बरं वाटलं.

डॉक्टरांनी मला आतल्या खोलीत नेलं. "मी धूर नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"मला वाटलं कचरा जाळत्यात त्याचा नको. औषधाचा धूर कसा वाईट असंल? आन तुम्ही पाणी आत ठिवून गेलात. गार."

ते आधी रागावले, मग हसायला लागले, मग अचानक हसायचे थांबले. खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. दार लोटून घेतलं.

"मावशी, तुम्ही एक सांगितलंत. आता मी एक सांगतो. धुरीनं थोडं बिघडलं असेल. पण खरी चूक माझी आहे."

मला काही समजेना. ते सांगायला लागले. फुफ्फुसाला पाणी म्हणजे परकं. कितीही चांगलं असलं तरी फुफ्फुस म्हणतं, हे कोण आलं? आणि पांढऱ्या पेशी धावत जमतात. थोडी सूज येते, अंग गरम होतं, खोकला वाढतो. दोन-चार दिवसांत आपोआप ओसरतं. "आणि मी नेमका तिसऱ्या दिवशी गेलो. तेही त्याच बाजूला नळी घातली. जी सूज दिसली, त्यातली किती रोगाची आणि किती माझ्या पाण्याची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

मी म्हटलं, "म्हंजे बारशाच्या दिवशी घरी जायचं, पाव्हण्यांची गर्दी बघायची, आन लिहून द्यायचं की ह्या घरात साठ माणसं राहत्यात?"

"अगदी तसंच," ते म्हणाले, आणि कान लाल झाले. "निकाल हातात आला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. पण मोठ्या साहेबांना कळलं तर... नवीन आहे मी इथं."

मग आम्ही दोघांनी सौदा केला. उद्या टेम्पो यायच्या आत त्यांनी येऊन ह्यांना सांगायचं की तो निकाल धरायचा नाही. धुरीचं नाव काढायचं नाही. आणि मी त्यांच्या साहेबांपर्यंत काही जाऊ द्यायचं नाही. माझ्या वयाची बाई आणि सरकारी डॉक्टर, दोन चोरांसारखे एकमेकांना मान हलवून बाहेर आलो.

रविवारी मामेभाऊ सकाळीच टेम्पो घेऊन हजर. डॉक्टरांचा पत्ता नाही. आता पाहुण्याला थांबवायचं कसं? मी जेवायला वाढलं. एक भाकरी झाली, दुसरी वाढली. "भावजी, एवढ्या लांबून आलात." तिसरी. "ठेचा कसा झालाय?" चौथी. तो म्हणाला, "वहिनी, मी न्यायला आलोय का मला भरून पाठवताय?" ओट्यावरून जाऊबाई म्हणाल्या, "खा रे, दुष्काळात कोण इतकं वाढतंय?" पाचव्या भाकरीला स्कूटर वाजली.

डॉक्टरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. पाणी, पेशी, तिसरा दिवस, तीच बाजू. धुरीचा शब्द नाही. हे ऐकत होते आणि ह्यांचा चेहरा तापत चालला होता.

"म्हंजे तुमच्याच पाण्यानं सूज? आन त्याच्यावरनं मी माझी घोडी घालवत व्हतो? तुम्ही फोनवर का नाय बोलला? मी ह्याला वैजापूरहून बोलावला, आन तुम्ही तोंड शिवून बसला? उद्याच येतो तुमच्या साहेबाकडं!"

डॉक्टर खाली बघत उभे. धुरीचं नाव निघालं नाही हे मघाशी बरं वाटलं होतं, तेच मला आता टोचायला लागलं. चूक दोघांची, आणि मार एकटा खातोय. तोही पोराच्या वयाचा. मला ते सोसवेना.

"अहो, त्यांना एकट्याला बोलू नका. मी धुरी दिली. दोनदा."

हे वळले. "काय दिली?"

जाऊबाई ओट्यावरून, "बाळंतीण केली व्हती तिला. कानाला फडकं बांधून. मी बघितलं."

"आन तुम्ही सांगितलं नाय, वहिनी?"

"मला काय ठाऊक, मला वाटलं बारशाला बोलावत्यात." मग जाऊबाईंनी सुपारी फोडली आणि अगदी सावकाश म्हणाल्या, "पण भाऊजी, डॉक्टर चारा भिजवून द्या म्हणून गेले व्हते. तुम्ही व्हय म्हणला. भिजवला का एक दिवस तरी?"

ह्यांनी डोकं खाजवलं. भिजवला नव्हता. टाकीतलं पाणी कडब्यावर ओतायचं म्हणजे ह्यांच्या जिवावर यायचं, म्हणून कोरडाच टाकत होते. रोज पेंढी झटकून, धूळ उडवून. मला माहीत नव्हतं. जाऊबाईंना कुडावरून सगळं दिसतं.

तेवढ्यात घोडी एकदा खोकली.

मामेभाऊ हात धुवून आला. "मग? न्यू का नको?"

"जेवलास ना?" हे म्हणाले.

"पाच भाकरी."

"मग जा."

तो काही लगेच गेला नाही, डिझेलच्या नावानं बरंच ऐकवून गेला. पण टेम्पो रिकामा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता तीन आठवडे नळी नाही, पाणी नाही. छातीला निवू द्यायचं. इमारतीच्या वाऱ्यातून घोडी हलवायची, चारा बुडवून द्यायचा, मग दुसऱ्या बाजूनं नमुना घेऊ. कापडात बर्फ गुंडाळून, गर्दी नसलेल्या वेळेला. मला वेगळं काढून म्हणाले, "मावशी, तुम्ही सांगायला नको होतं." मी म्हटलं, "हे तुम्हाला अजून पाच मिनिटं बोलले असते तर तुम्हीच सांगितलं असतं." त्यावर ते स्कूटरला किक मारायला वळले, म्हणजे सांगितलंच असतं.

घोडी आम्ही जाऊबाईंच्या मागच्या अंगणात, लिंबाखाली नेऊन बांधली. भाड्याच्या बदल्यात जाऊबाई दिवसभर तिला माझ्याबद्दल सांगत बसायच्या. भांडी धुतलेलं पाणी, तांदळाचं पाणी, हात धुतलेलं पाणी, सगळं चाऱ्याच्या टोपल्यात. ओव्याचा डबा ह्यांनी उचलून फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथं माझा हात पोचत नाही.

तीन आठवड्यांनी नमुना गेला. या वेळी वेळेवर पोचला. निकाल घेऊन डॉक्टर स्वतः आले, आणि ओट्यावर बसून वाचला. सूज आहे. पण थोडी. धुळीची आहे, जपलं तर आटोक्यात राहील, पूर्ण जाणार नाही कधी. वरातीला हरकत नाही, फटाक्यांचा धूर चुकवा.

ह्यांनी तो कागद दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग उठून वैजापूरला फोन लावला. मी दाराआडून ऐकत होते.

"हां, मीच. घोडीचं कळलं... नाय, नाय पाठवत... आरं तुझ्या विहिरीला पाणी हाय ते ठाऊक हाय मला... नाय म्हटलं ना. ती हितंच राहती."

फोन ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या आंघोळीची बादली आज तिच्या चाऱ्याला घे. मी उद्या करीन."

उद्याही केली नाही. परवाही नाही. टँकर येत राहिला, जात राहिला, आणि हे आपले गमछ्यानं अंग पुसून कामाला जात राहिले. जाऊबाई नाकाला पदर लावून अंगणातून जायच्या. मी रोज ती बादली चाऱ्यात ओतत राहिले. घोडी रात्रभर एकदाही खोकायची नाही.